सहावीतली मुलगी १/३ + १/४ = २/७ लिहिते: चूक कुठून येते आणि घरी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहावीत, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत. तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. तरी १/३ + १/४ चं उत्तर २/७ लिहिते. लसाविची, म्हणजे लहानात लहान सामाईक विभाज्याची, रीत घरी समजावली की त्या दिवशी जमतं, आठवड्याभरात पुन्हा २/७. आठवीला माध्यम बदलायचं आहे, तोवर पाया पक्का कसा करायचा?

लसावि तूर्त बाजूला ठेवा. तिची अडचण बेरजेत नाहीच. तिला १/३ ही एक संख्या दिसत नाही, रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन संख्या दिसतात. वरच्या वरच्यात आणि खालच्या खालच्यात मिळवल्या, तर तिच्या दृष्टीनं बरोबरच झालं. लसाविची रीत ती पाठ करते, पण रीत कशासाठी आहे ते माहीत नसल्यामुळे आठवड्यात विसरते.

शिवाय २/७ ला तिच्याकडे आधारही आहे. पहिल्या चाचणीत १० पैकी ५, दुसरीत १० पैकी ७, मिळून २० पैकी १२ हे मुलं रोज करतात आणि ते बरोबर असतं. तिथं दोन वेगळ्या पेपरांचे गुण आपण एका मोठ्या पेपरात घालतो, म्हणजे 'पूर्ण' बदलतो. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण बदलत नाही. एकाच भाकरीचा तिसरा हिस्सा आणि त्याच भाकरीचा चौथा हिस्सा. हा फरक कुणीतरी तोंडानं सांगितल्याशिवाय मुलांना कळत नाही, आणि वर्गात तो बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो.

'चूक आहे' असं म्हणू नका, उत्तर तिलाच तपासू द्या. १/३ म्हणजे ७/२१, आणि २/७ म्हणजे ६/२१. म्हणजे एक-तृतीयांशात आणखी काही मिळवलं आणि उत्तर एक-तृतीयांशापेक्षा लहान आलं. त्याहून सोपं हवं असेल तर तिच्याच रीतीनं १/२ + १/२ करायला सांगा. २/४ येतं, म्हणजे पुन्हा अर्धाच. अर्धा आणि अर्धा मिळून अर्धा कसा, हे तिलाच खटकायला हवं. खटकलं की शिकायला सुरुवात झाली.

आता कुठवर समजलंय ते पाहायला तीन तोंडी प्रश्न विचारा. कागद-पेन्सिल देऊ नका.

पहिला: १/५ मोठा की १/८? १/८ म्हणाली तर ती फक्त छेद वाचते आहे. दुसरा: ४/९ मोठा की ५/८? इथं गुणाकार करायची गरज नाही. ४/९ अर्ध्याहून किंचित कमी, ५/८ अर्ध्याहून जास्त. अर्ध्याचा आधार घेते का ते बघा. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: ० ते २ अशी एक रेघ काढून द्या, मधे १ ची खूण करा, आणि ३/४ कुठं येईल ते बोटानं दाखवायला सांगा. पुष्कळ मुलं बोट दीडवर ठेवतात. ती अख्ख्या रेघेचे चार भाग करून तीन मोजतात. म्हणजे 'कशाचे पाऊण' हे ठरवायचं राहिलं. दीडवर बोट गेलं तर बेरीज शिकवायची वेळ अजून आलेली नाही, असं समजा.

आता साहित्य. भाकरी, पोळी, केक यांच्या गोल आकृत्या घरी टाळा. वर्तुळाचे दोन किंवा चार भाग मुलांना जमतात, पण तीन किंवा पाच सारखे भाग हातानं करता येत नाहीत. भाग सारखे नसले तरी मुलं १/३ म्हणून मोकळी होतात, आणि 'समान भाग' ही मूळ अट तिथंच निसटते. त्यापेक्षा कागदाच्या पट्ट्या घ्या. ए-फोर कागद २९.७ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद असतो. लांबीतून २४ सेंमी ठेवून उरलेलं कापून टाका आणि २ सेंमी रुंदीच्या पट्ट्या करा. एका कागदात दहा निघतात. २४ अशासाठी की त्याचे २, ३, ४, ६, ८, १२ असे सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये बसतात: अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३, बारावा २. घडी घालून तीन भाग करायला लावू नका, घडी चुकते. पट्टीनं मोजून रेघ मारायला सांगा. पाचवे आणि दहावे भाग लागतील तेव्हा २० सेंमीच्या वेगळ्या पट्ट्या करा, पण २४ च्या पट्टीशी त्या मिसळू नका. पूर्ण वेगळं झालं की तुलना खोटी होते, आणि हेही तिला दाखवण्यासारखं आहे. शाळेच्या कपाटात 'गणित कलिका आंदोलन' या कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या गणित कार्यक्रमाचं साहित्य असेल तर त्यात अपूर्णांकाच्या पट्ट्या असतात. गुरुजींना किंवा बाईंना विचारून बघा.

पट्ट्यांवर काम करताना बोलणं महत्त्वाचं. 'चार भागांपैकी तीन' ही व्याख्या पाठ्यपुस्तकात असते, चुकीची नाही, पण पुढं अडवते. ५/४ आलं की मुलं विचारतात, चारांपैकी पाच कसे घ्यायचे? म्हणून १/४ हा एक तुकडा पायाचा धरा आणि तो मोजा: एक पाव, दोन पाव, तीन पाव, चार पाव म्हणजे पूर्ण, पाच पाव म्हणजे सव्वा. बाजारात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ऐकून आलेली मुलं हे चटकन धरतात. कानडी बोलणाऱ्या घरात 'कालु' म्हणजे पाव आणि 'मुक्कालु' म्हणजे तीन पाव, तिथंही हाच हिशेब. तीन पाव आणि दोन पाव मिळून 'पाच-आठ' असं कुणी म्हणत नाही. सगळे पाच पावच म्हणतात. छेद म्हणजे तुकड्याचं नाव, अंश म्हणजे तसे किती तुकडे. तीन आठवांश आणि दोन आठवांश मिळून पाच आठवांश. एवढं तोंडी पक्कं झालं की समच्छेद बेरीज वेगळी शिकवावी लागत नाही.

मग १/३ + १/४ कडे या. एक तिसरी आणि एक चौथी शेजारी शेजारी ठेवा. ८ सेंमी आणि ६ सेंमी, मिळून १४ सेंमी. हे २४ पैकी १४. याला नाव काय द्यायचं? तिसऱ्या भागाच्या तुकड्यानं मोजून बघा, पुरा बसत नाही. चौथ्यानंही नाही. मग असा लहान तुकडा शोधायचा, जो ८ मध्येही पुरा बसेल आणि ६ मध्येही. २ सेंमीचा, म्हणजे बारावा भाग. ८ मध्ये चार बारावे, ६ मध्ये तीन बारावे, एकूण ७/१२. समच्छेद करणं म्हणजे दोन्ही तुकडे एका मापात आणणं, लसावि म्हणजे त्यातलं सोयीचं माप शोधणं. हे तिनं हातानं निदान पाच-सहा जोड्यांवर करू दे: १/२ आणि १/३, १/६ आणि १/४, २/३ आणि १/८, ५/६ आणि १/४, ३/८ आणि १/३. ५/६ + १/४ मध्ये उत्तर पट्टीच्या बाहेर जातं, २० सेंमी आणि ६ सेंमी. तिथं दुसरी पट्टी जोडायला लागते, आणि १३/१२ म्हणजे एक पूर्णांक एक-बारांश हे डोळ्यांनी दिसतं.

कागदावरची रीत यानंतर. इथं घाई नको, आणि लसाविची सक्तीही नको. ५/१२ + ७/१८ मध्ये छेदांचा गुणाकार २१६ घेतला तरी उत्तर चुकत नाही: ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६, सहानं भागलं की २९/३६. लसावि ३६ घेतला तर १५/३६ + १४/३६ = २९/३६, तेवढाच आकड्यांचा पसारा वाचतो. मुलीला दोन्ही रीतींनी एकदा करू दे. लसावि न सापडल्यामुळे गणित सोडून देणारी मुलं असतात. गुणाकारानं छेद सारखा करता येतो हे कळलं की ती अडत नाहीत. तिरकस गुणाकाराची युक्ती मात्र आत्ता दाखवू नका. मुलं ती बेरीज, गुणाकार, भागाकार, तुलना सगळीकडे लावतात.

पाढ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिसापर्यंत सरळ म्हणता येणं चांगलं, पण अपूर्णांकांना लागतो तो उलटा पाढा. 'सात आठे किती' यापेक्षा '५६ कशाकशाच्या पाढ्यात येतो' हा प्रश्न. पाढा सुरुवातीपासून म्हणत ५६ पर्यंत जावं लागत असेल तर छेद सारखा करताना आणि संक्षिप्त रूप देताना तिची दमछाक होते. दहापर्यंतच्या पाढ्यांत १, २, ५, १० सोडले तर ३, ४, ६, ७, ८, ९ यांच्या आपसातल्या जोड्या फक्त २१ उरतात. त्या २१ चिठ्ठ्या करा, एका बाजूला उत्तर आणि मागं जोडी. ३६ आणि २४ या चिठ्ठ्यांना जोड्या एकाहून जास्त आहेत, त्या सगळ्या सांगायला लावा. रोज दहा मिनिटं पुरेत.

त्याच ओघात विभाज्यतेच्या कसोट्या: २, ३, ५, ९, १० एवढ्या आधी. ३ ची कसोटी, म्हणजे अंकांची बेरीज, मुलांना येते पण वापरायचं सुचत नाही. म्हणून ५१, ५७, ८७ या संख्या त्यांना मूळ वाटतात. ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९. ९१ तर ३ च्या कसोटीतही सापडत नाही, तो ७ × १३. या चार संख्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि १ ही मूळ संख्याही नाही, संयुक्तही नाही.

संख्यालेखनाची एक शंका आधीच काढून टाका. मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर: पंचवीस, चौसष्ट. कन्नडमध्ये दशक आधी. आपल्याकडची मुलं दोन्ही ऐकतात, आणि सहावीतही घाईत ४६ च्या जागी ६४ लिहिणारी असतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथं जास्त. कन्नडमध्ये २९ म्हणजे वीस आणि नऊ, मराठीत तिसाला एक कमी. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं ते याच अडचणीवर. ते हवं की नको हा वेगळा विषय, पण अडचण खरी आहे. दहा संख्या ऐकवून लिहून घ्या, त्यांत 'तीन लाख सात हजार पाच' अशी एखादी घाला. ३,०७,००५ लिहिलं तर स्थानिक किंमत ठीक आहे. ३७००५ लिहिलं तर आधी दशांशाच्या वाटेला जाऊ नका. रिकाम्या घरात शून्य का लिहायचं ते घरं आखून करून घ्या.

वजाबाकीत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. ५ पूर्णांक १/४ मधून २ पूर्णांक ३/४ वजा करताना मुलं ५ − २ = ३ करतात आणि चतुर्थांशांत मोठ्यातून लहान काढून २/४ लिहितात. उत्तर साडेतीन. खरं उत्तर अडीच. हातचा घेण्याची रीत शिकवण्याआधी चढत जायला शिकवा: पावणेतीनपासून तीनपर्यंत पाव, तीनपासून सव्वापाचपर्यंत सव्वादोन, पाव आणि सव्वादोन मिळून अडीच. दुकानात सुटे पैसे परत देताना हेच करतात. उत्तर आधी असं काढायचं, मग रीत लिहायची, दोन्ही जुळतात का पाहायचं.

गुणाकारात रीत सोपी असते, त्यामुळे गोंधळ झाकला जातो. ३/४ × २/३ = ६/१२ = १/२ हे मुलगी बिनचूक करेल, पण 'गुणाकार केला तर उत्तर लहान कसं?' याला तिच्याकडे उत्तर नसेल. चौकटीच्या वहीवर ४ घरं लांब, ३ घरं रुंद असा आयत आखा. हे शेत. त्याच्या ४ उभ्या पट्ट्यांपैकी ३ मध्ये भात, आणि त्या भाताच्या भागाच्या ३ आडव्या ओळींपैकी २ कापून झाल्या. कापलेली घरं ६, एकूण घरं १२. गुणिले म्हणजे इथं 'चा, ची, चे': दोन-तृतीयांशाचे पाऊण, किंवा पाऊणाचे दोन-तृतीयांश, घरं तेवढीच.

भागाकारावर जास्त वेळ घालवा, कारण 'उलटा करून गुणा' हे वाक्य विचार न करता पाठ होतं. पूर्ण संख्येपासून सुरुवात करा. ३ लिटर दूध, पाव लिटरचं माप, किती मापं? बारा. ३ ÷ १/४ = १२. एका लिटरात चार, म्हणून तीनला चारनं गुणलं. उलटा का होतो ते इथं दिसतं. मग ३/४ ÷ १/८ पट्टीवर: १८ सेंमीमध्ये ३ सेंमीचे तुकडे, सहा. आणि मग हे एक गणित सावकाश करा: अडीच लिटर तेल, पाऊण लिटरच्या बाटल्या, किती भरतील? रीतीनं ५/२ × ४/३ = १०/३, तीन पूर्णांक एक-तृतीयांश. तीन बाटल्या भरल्या, सव्वादोन लिटर गेलं, उरलं पाव लिटर. मुलं इथं थबकतात: उरलं १/४, उत्तरात मात्र १/३. दोन्ही बरोबर आहेत. पाव हा लिटरचा हिस्सा, एक-तृतीयांश हा बाटलीचा हिस्सा, कारण पाव लिटर म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीचा तिसरा भाग. सुरुवातीला ० ते २ च्या रेघेवर जे विचारलं होतं, 'कशाचे पाऊण', तेच इथं पुन्हा आलं. हे गणित जिला आपल्या शब्दांत सांगता आलं तिला अपूर्णांक कळले असं खुशाल समजा.

दशांशात घोटाळा वाचनापासून होतो. ०.२५ ला 'शून्य पॉइंट पंचवीस' म्हटलं की ०.५ त्याच्यापुढे लहान वाटतो, पाचापेक्षा पंचवीस मोठे. 'शून्य दशांश दोन पाच' असं एकेक अंक वाचायची सवय लावा, आणि तुलना करताना शून्य जोडून घरं सारखी करा: ०.५० आणि ०.२५. गावातल्या डेअरीच्या पावतीवर लिटर आणि फॅट दोन्ही दशांशात असतात, सरावाला तेवढं पुरे.

पण टिंब दिसलं की दशांश, असं तिला वाटू देऊ नका. शेताच्या उताऱ्यावर, म्हणजे आरटीसीवर, क्षेत्र २.२० असं दिसतं. ते दोन पूर्णांक दोन-दशांश एकर नाही, २ एकर २० गुंठे आहे. एकराचे गुंठे ४०, म्हणून ते अडीच एकर. कॅल्क्युलेटरवर १.३५ आणि ०.२० मिळवले तर १.५५ येतं, प्रत्यक्षात १ एकर ३५ गुंठे आणि २० गुंठे मिळून २ एकर १५ गुंठे होतात. मोठी माणसंसुद्धा वाटणीच्या वेळी यात चुकतात. घरचा उतारा असेल तर तोच समोर ठेवा: अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, चौघांत वाटले तर प्रत्येकी २५ गुंठे, म्हणजे २५/४० = ५/८ एकर. पाढे, संक्षिप्त रूप आणि अपूर्णांक तिन्हीचा सराव एका गणितात. घड्याळातलं १.३० हेही तसंच, दीड तास, एक पूर्णांक तीन-दशांश नाही.

माध्यम बदलण्याची काळजी गणितापुरती फार करू नका. कन्नडमध्ये अंश आणि छेद हेच शब्द आहेत. अपूर्णांकाला भिन्नराशी म्हणतात, मूळ संख्येला अविभाज्य संख्ये, लसाविला लसाअ, मसाविला मसाअ. इंग्रजी माध्यमात जाणार असेल तर न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, एलसीएम, एचसीएफ, प्राइम, फॅक्टर, मल्टिपल हे सात शब्द आधी पुरतात. फॅक्टर आणि मल्टिपल यांत मुलं उलटसुलट करतात: १२ चा फॅक्टर ३, १२ चा मल्टिपल ३६. सातवीच्या दुसऱ्या सहामाहीपासून वहीत मराठी शब्दाशेजारी नवा शब्द लिहायला लावा, पण समजावून सांगणं मराठीतूनच ठेवा. नवी रीत आणि नवी भाषा एकाच दिवशी आली की मूल दोन्ही पाठ करतं आणि दोन्ही विसरतं.

वेळेचं म्हणाल तर रोज अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं चिठ्ठ्यांना. पट्ट्यांवर साधारण दोन आठवडे, बेरीज-वजाबाकीला तीन, गुणाकार-भागाकाराला तीन, दशांशाला दोन. दर शनिवारी मागच्या आठवड्यातली पाच गणितं पुन्हा, आणि प्रत्येकात उत्तर काढण्याआधी अंदाज: अर्ध्याहून कमी की जास्त, एकाहून कमी की जास्त. अंदाज चुकला तर त्या दिवशी पुढचं शिकवू नका, पट्ट्या पुन्हा काढा.